खाऱ्या-गोड्या पाण्याची वीज आणि पिकाची मुळी



खारे आणि गोडे पाणी यांच्यापासून वीज होते, हे ऐकून नवल वाटेल. पण त्यामागचे तत्त्व आपल्या घरातलेच आहे. मनुका पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात. साल पाणी आत घेते, आतली साखर मात्र सहजी बाहेर सोडत नाही. अशा पापुद्र्यातून पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात.

नदीचे आणि समुद्राचे पाणी यांच्यामध्ये असा पडदा धरला, तर ही ओढ आठशे फुटांहून उंच पाण्याच्या दाबाइतकी भरते. म्हणजे आपल्याकडच्या खोल बोअरएवढी! त्या दाबावर चक्र फिरवून वीज काढतात.

हा पडदा वनस्पतीपासूनही बनतो. कापसात सुमारे ९० टक्के सेल्युलोज असते. त्याच सेल्युलोजवर प्रक्रिया करून सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास अमेरिकेत समुद्राचे पाणी गोडे करणारा पडदा तयार केला. पुढे लोएब यांनीच विजेची कल्पना मांडली. नॉर्वेत २००९ साली प्रायोगिक केंद्र निघाले, पण खर्चाच्या मानाने वीज कमी पडली आणि २०१३ साली ते काम सोडून देण्याचे ठरले. जपानात फुकुओका येथे २०२५ साली नवे केंद्र सुरू झाले आहे.

नांदेड-लातूरला समुद्र नाही. मचूळ बोअरच्या पाण्यात क्षार त्या मानाने फारच थोडे. त्यावर मोटार चालायची नाही. असे यंत्र कोणी विकायला आला, तर पैसे देऊ नका.

पण हाच पापुद्रा आपल्या पिकाच्या मुळीत आहे. मुळीतला रस दाट, म्हणून ती पाणी ओढते. जमिनीत क्षार वाढले की ओढ कमी होते आणि रान ओले असूनही पीक माना टाकते. म्हणून एवढे करा:

१. बोअर थोडा वेळ चालवून, त्याच पाण्याने तीनदा विसळलेल्या बाटलीत नमुना घ्या आणि तपासून आणा. विद्युतवाहकता २.२५ डेसीसायमनच्या वर असल्यास कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतल्याशिवाय ते पाणी पिकाला देऊ नका.

२. युरिया खोडाला चिकटून टाकू नका.

३. भारी काळ्या रानात पाणी साचू देऊ नका; चर काढून निचरा ठेवा.