रोगराई : मारबतीच्या हाकेतला एक शब्द

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. इतवारीतली ही मिरवणूक आमच्या नंदनवनापासून फार लांब नाही. इडापीडा आणि रोगराई घेऊन जा, असे लोक मारबतीला ओरडून सांगतात. 'साथ' घेऊन जा किंवा 'महामारी' घेऊन जा, असे कुणी म्हणत नाही. हे तीन शब्द आपण आज सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण ते एक नाहीत.

'साथ' या शब्दाचे नाते संस्कृत 'सार्थ'शी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याशी सांगतात. सोबत चालणे हा त्याचा गाभा. म्हणून साथ येते आणि ओसरते. तिला रोगाचे नावही लागते : पटकीची साथ, प्लेगची साथ. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला, तोही त्याच साथीत, 10 मार्च 1897 रोजी.

'महामारी'त 'मरणे' आहे. हा शब्द फैलाव नव्हे, मृत्यू सांगतो. मरीआईच्या नावातही तोच धागा. 2020 मध्ये जगभर पसरलेल्या साथीसाठी हा शब्द हिंदी बातम्यांच्या जोडीने आपल्याकडे रुळला.

'रोगराई'चे वळण वेगळे. आमराई, वनराई, देवराई यांतली 'राई' संस्कृत 'राजि'पासून, म्हणजे ओळीपासून आली. रोगराईतही तीच असावी, असे मला वाटते. झाडांना झाडे लागून राई होते, तशी रोगांना रोग लागून रोगराई. म्हणूनच आपण 'डेंग्यूची साथ' म्हणतो, 'डेंग्यूची रोगराई' म्हणत नाही. रोगराई एका रोगाची नसते. ती येत नाही, माजते, पसरते. आणि माजायला जमीन लागते : तुंबलेली नाली, उघडे टाके, न उचललेला कचरा.

फरक केवळ कोशातला नाही. महामारी म्हटले की ती आभाळातून कोसळल्यासारखी वाटते, मग जबाबदार कुणीच नसते. साथ म्हटले की ती ओसरायची वाट पाहता येते. रोगराई म्हटले की मात्र आपल्याच गल्लीकडे बोट जाते. वस्तीत दर पावसाळ्यात ताप फिरतो तेव्हा त्याला यांपैकी काय म्हणायचे, यावर पुढे काय करायचे तेही बरेचसे ठरते.