थाळ्या थांबल्या, धाप उरली

२२ मार्च २०२० ला देशाने थाळ्या वाजवल्या. त्या ज्यांच्यासाठी वाजल्या, त्यांच्यातल्या अनेकांना नंतर जिना चढतानाही धाप लागू लागली. कोविड वॉर्ड झाडणाऱ्या, मृतदेह बांधणाऱ्या कंत्राटी कामगारांविषयी आम्ही बोलतो आहोत. ते कोणत्या वस्त्यांतून येतात, हे वेगळे सांगायला हवे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या दीर्घ कोविडची व्याख्या केली. थकवा, धाप, विसरभोळेपणा. एक्स-रेमध्ये मात्र पुष्कळदा काहीच दिसत नाही. मग मुकादम 'कामचुकार' म्हणून मोकळा!

केंद्राचा ५० लाखांचा विमा मृत्यूसाठी होता. जगले-वाचले त्यांचे काय? १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आरोग्यसेवेच्या कामातून जडलेला संसर्गजन्य रोग हा व्यावसायिक आजार मानला होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. अडते ते पुराव्यापाशी. आमच्याकडे येणाऱ्यांजवळ ना नेमणूकपत्र, ना पगारपावती. तेव्हा बंधूभगिनींनो, कोविड चाचणीचा जुना अहवाल जपून ठेवा. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकारात वॉर्डाचा हजेरीपट मागा. मुदत उलटली असली, तरी सबळ कारण देऊन विलंबमाफीचा अर्ज करता येतो.