जाम झालेली ब्रेक डिस्क: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्रेक डिस्क हबवर पक्की आवळलेली असते म्हणून निघत नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांत ती हबवर नुसती सरकवलेली असते. चाकाचे नट तिला दाबून धरतात. चाक आणि कॅलिपर काढल्यावर फार तर एक-दोन छोटे स्क्रू उरतात. तेही निघाले तरी ती हलत नसेल, तर कारण गंज. डिस्क बिडाची असते. गंजताना लोखंडाचे आकारमान दुपटीहून अधिक होते आणि हब व डिस्क यांच्यातली बारीक फट ठासून भरते. कोकणातली खारी हवा आणि पावसात दीर्घकाळ उभी राहिलेली गाडी यांत हे लवकर घडते.

म्हणूनच ‘जोरात हातोडा घाला, निघेल’ हा सल्ला अर्धवट आहे. प्रत्येक घाव हबमधून बेअरिंगपर्यंत पोचतो. अति झाल्यास बेअरिंगच्या कड्यांवर खळगे पडतात आणि पुढे चाक घुमल्यासारखा आवाज करू लागते. डिस्कच्या कडेवर मारले तर ठिसूळ बिडाची कपची उडते, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवाच. घाव घालायची जागा म्हणजे स्टडांमधला उंच भाग. डिस्क थोडी थोडी फिरवत, मध्यम जोराने ठोकावी. डिस्क पुन्हा वापरायची असेल तर रबरी हातोडीच घ्यावी.

गंज सोडवणारा फवारा मारला की लगेच काम होते, हेही खरे नाही. घरोघरी दिसणारे डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली मुळात पाणी दूर ठेवण्यासाठी तयार झाले होते. कोणताही फवारा मधल्या कंगोऱ्याशी आणि स्टडांच्या मुळाशी मारून मुरायला वेळ द्यावा लागतो. पॅडवर तो उडू देऊ नये.

अनेक डिस्कवर आटे पाडलेली दोन रिकामी भोके असतात. ती वजन कमी करण्यासाठी आहेत, असा समज आहे. खरे तर ती डिस्क काढण्यासाठीच ठेवलेली असतात. त्यांत योग्य आट्यांचे बोल्ट, बहुधा ८ मिलिमीटरचे, घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले की ते हबवर टेकतात आणि डिस्क सरळ बाहेर ढकलतात. एकच बोल्ट आवळत नेला तर डिस्क तिरकी होऊन अधिकच अडकते. दोन्ही आवळून ताण दिल्यावर हलका ठोका दिला की अनेकदा ‘टक्’ असा आवाज होऊन गंज सुटतो.

मागची डिस्क गंजाशिवायही अडकते. काही गाड्यांत तिच्या आतच हँडब्रेकचे छोटे ड्रम असते. तिथे हँडब्रेक सोडून ॲडजस्टर मागे फिरवावा लागतो. मात्र त्याआधी इतर चाकांना उटी लावून गाडी स्टँडवर टेकवलेली हवी.

गॅसच्या ज्योतीने तापवणे हा शेवटचा उपाय. त्यात बेअरिंगचे ग्रीस आणि एबीएसचा सेन्सर जळू शकतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेला भाग तर कधीही तापवू नये, त्यातून विषारी फॉस्जीन वायू निघतो.

डिस्क निघाली म्हणजे काम संपले, हा सर्वात महागात पडणारा गैरसमज. हबवर राहिलेला गंज तारेच्या ब्रशने घासून काढला नाही, तर नवी डिस्क किंचित तिरकी बसते. बऱ्याच गाड्यांत डिस्कची डगमग साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतच चालते. त्यापुढे ब्रेक दाबताना पेडल थरथरू लागते आणि दोष मात्र नव्या डिस्कला दिला जातो. सर्व जोडून झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत दाबून पाहावे.