दारातल्या कोंबड्या आणि दीड वर्षाचा नातू

मुंबईत कुठल्या कोंबड्या, असे कोणी विचारले की मला हसू येते. कांजूरमार्ग म्हटले की लोकांना गच्च भरलेली लोकल आणि नवे टॉवर आठवतात. पण स्टेशनच्या पूर्वेला जुने कांजूर गाव आहे. तिथे अजून काही घरांना अंगण आहे, हायवेपलीकडे मिठागरे आणि खाडी आहे. आमच्या अंगणात सासूबाईंच्या काळापासून खुराडे आहे. सध्या त्यात तीन गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबडा पहाटे चारला आरवतो, म्हणून समोरच्या इमारतीतले लोक आमच्यावर रागावलेले असतात.

मी तीस वर्षे दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. हे आधी सांगायचे कारण असे की, पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, आणि ती न कळून झाली असे मला म्हणता येत नाही.

नातू तेव्हा दीड वर्षाचा होता. या वयाचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. त्याला कोंबड्यांचे भारी वेड. सकाळी उठला की दूध नको, आई नको, आधी ‘कोको’ दाखवा! एकदा बाजारातून येताना रस्त्यावर टोपलीत हिरवी, गुलाबी रंगवलेली पिल्ले विकायला बसलेला माणूस दिसला. नातवाला आनंद होईल म्हणून चार पिल्ले घेतली. ही पिल्ले बहुधा अंड्यांसाठी कोंबड्या पैदा करणाऱ्या हॅचरीतली नर पिल्ले असतात. ती अंडी देणार नाहीत म्हणून स्वस्तात बाहेर पडतात. लस टोचलेली असण्याची खात्री नाही, प्रवासात उपाशी, गर्दीत कोंबलेली. घरी आल्यावर मी ती बुटाच्या खोक्यात ठेवली, आणि खोके स्वयंपाकघरात, उबेला. नातू दिवसभर त्या खोक्याशी. पिल्लू गालाला लावायचे, मुका घ्यायचा, मग तोच हात तोंडात.

चौथ्या दिवशी त्याला ताप आला आणि जुलाब सुरू झाले. सूनबाई घाबरली. मी काय म्हणाले असेन? ‘‘अगं, दात येताहेत त्याला.’’

दात येण्याने जुलाब होत नाहीत, हे मी तीस वर्षे हजारो आयांना सांगितले आहे. दात येण्याच्या वयातच मूल रांगते, चालू लागते, घाण तोंडात घालते, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात, इतकेच. पण घरातले मूल आजारी पडले की माणूस आधी आजी होतो, परिचारिका नंतर. एक दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शौचात रक्ताचे धागे दिसले, तेव्हा मी पायांत चपला घातल्या.

बालरोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘घरात कोंबड्या, कासव, पोपट काही आहे का?’’ सूनबाईने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही, हे तिचे मोठेपण.

शौचाच्या तपासणीत साल्मोनेला जंतू निघाले. ते पिल्लांकडूनच आले याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण मला शंका नाही. हे जंतू कोंबडीच्या आतड्यात राहतात, आणि कोंबडी मात्र ठणठणीत दिसते. विष्ठेतून ते पिसांवर, पायांवर, खुराड्याच्या लाकडावर, अंड्याच्या कवचावर जातात. जंतू पोटात गेल्यापासून सहा तास ते सहा दिवसांत त्रास सुरू होतो. मोठ्या माणसाला चार दिवस पोटदुखी आणि जुलाब होऊन तो बरा होतो. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र आजार जड जाऊ शकतो.

आमच्या बाळाला सलाईन लावावे लागले नाही. जलसंजीवनीचे पाकीट पाण्यात कालवून वाटी-चमच्याने पाजत राहिलो. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबामागे पाव ते अर्धा पेला, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस. अंगावरचे दूध आणि मऊ भात बंद केला नाही. शेजारच्या मावशींनी पोट रिकामे ठेवायला सांगितले, त्यांना मी नम्रपणे चहा पाजून परत पाठवले. मूल मलूल होणे, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, रडताना अश्रू न येणे, शौचात रक्त दिसणे, यांतले एक जरी दिसले तरी घरचे उपाय करीत बसू नये. माझा एक दिवस त्यात गेला.

पाचव्या दिवशी तो पुन्हा ‘कोको’ म्हणाला. आता घरात पेच पडला. सूनबाई म्हणाली, ‘‘आई, तुम्हाला वाईट वाटेल, पण कोंबड्या देऊन टाका.’’ मुलगा म्हणाला, युरोपात शेतावर वाढणाऱ्या मुलांना दमा कमी होतो म्हणतात, थोडी माती लागू दे की. ते खरे आहे, पण तो अभ्यास गोठ्याच्या सहवासाबद्दल आहे. पिल्लाचा मुका घेण्याबद्दल नाही! मी दोघांकडे महिनाभराची मुदत मागितली.

पिल्लांचा प्रश्न आपोआप सुटला होता. दोन आठवड्यात मेली, एक घारीने उचलले. उरले ते आजचा कोंबडा. बाकीचे मी केले. खोके स्वयंपाकघरातून गेले ते कायमचे. खुराड्यासमोर कमरेएवढी जाळी लावून घेतली. अंगणात जायच्या चपला वेगळ्या, त्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत. खुराडे साफ करायचे ते नाकाला रुमाल बांधून, आणि नातू दुपारी झोपलेला असताना. जाळीबाहेर बादली, मग आणि साबण.

दाणे, कोंडा रात्री पत्र्याच्या डब्यात बंद. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात उंदराच्या लघवीतून लेप्टो पसरतो. कोंबडीपेक्षा मला उंदराची भीती जास्त.

अंडी रोज दोनदा गोळा करते. तडकलेले अंडे मुलाला नाही. आमच्याकडे ताकदीसाठी कच्चे अंडे दुधात घालून द्यायची पद्धत होती, ती मी मोडली. पांढरे-पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत उकडायचे. गावठी अंड्यात फार काही वेगळे असते असे नाही, पण आमच्या घरी ते दहा मिनिटांपूर्वी घातलेले असते, हा आनंद वेगळा.

बर्ड फ्लूबद्दलही सांगते. 2006 साली नवापूरला तो आला तेव्हा मी नोकरीत होते, आणि लाखो कोंबड्या मारल्याच्या बातम्या वाचून लोक अंडी खायची सोडून बसले होते. 2025 च्या जानेवारीत तो उरणजवळ चिरनेरला आला. एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला कळवायचे, मुलाला तिकडे फिरकू द्यायचे नाही. मेलेली कोंबडी कापून रस्सा करणारी घरे मी पाहिली आहेत.

महिना कधीच संपला. सूनबाईने विषय काढला नाही, मीही नाही. परवा संध्याकाळी ती कामावरून आली, तेव्हा नातू जाळीला चिकटून खुडूक कोंबडीला हाका मारत होता. तिने त्याला उचलले. त्याने कोंबडीला हातही लावला नव्हता, तरी दोन्ही तळवे पुढे करून बादलीकडे बोट दाखवत म्हणाला, ‘‘शाबन.’’