आपली चूल, मुरगावचा किनारा

गोव्यात सुटीला गेलेल्या कुटुंबाचे पहिले दोन दिवस हॉटेलात छान जातात. मग आजोबांना मऊ भात हवासा वाटतो, लहानग्याला रात्री दूध लागते, कुणाचा उपवास येतो, आणि बाजारात ताजे बांगडे दिसूनही ते शिजवायचे कुठे हा प्रश्न पडतो. शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या अनेकांनी यावर आपला उपाय शोधला. गाडीत शेगडी, सिलिंडर, पातेली भरायची आणि किनाऱ्याजवळ जिथे सावली दिसेल तिथे चूल मांडायची. मागे उरतात खरकटे, पत्रावळी आणि बाटल्यांच्या काचा. गावकरी वैतागले, तक्रारी वाढल्या, आणि गोवा सरकारने पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ साली केलेल्या कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती करून उघड्यावर स्वयंपाक करणे दंडनीय ठरवले. तेव्हा एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड ठरला होता. पुढे तो आणखी वाढला.

कायदा योग्यच आहे. पण प्रवासात आपल्या हातचे खावे या इच्छेत गैर काहीच नाही. तिला छप्पर हवे, एवढेच. स्वयंपाकघर असलेले घर चार दिवसांसाठी भाड्याने घेणे हा त्यावरचा सरळ मार्ग. तो परदेशातून आलेला नवा प्रकार आहे असे आपल्याला वाटते, पण गोव्याला तो जुनाच परिचयाचा आहे. मडगावची खाऊनपिऊन सुखी ख्रिस्ती कुटुंबे उन्हाळ्यात हवापालटासाठी कोलव्याला बिऱ्हाड हलवीत. या प्रथेला ‘मुदांस’ म्हणत. समुद्रस्नान करायचे, माडाच्या सावलीत वेळ घालवायचा आणि घरच्यासारखे जेवायचे. हिंदू कुटुंबांचे बिऱ्हाड फोंड्याकडच्या देवळांच्या अग्रशाळांत पडे. कुलदेवतेच्या आवारातल्या त्या खोल्यांत महाजनांचा गोतावळा उतरे आणि उत्सवाचे दिवस तिथेच काढी. सुटी असो की यात्रा, गोवेकर परक्या गावीही घरासारखाच राहत असे.

आज असे राहायचे तर मी मुरगाव तालुका सुचवेन. पर्यटकांच्या यादीत तो खाली असतो. दाबोळीला विमानातून उतरायचे, वास्कोकडे पाठ करायची आणि कळंगुट नाहीतर पाळोळे गाठायचे, अशी सवयच पडून गेली आहे. खरे तर तालुक्याच्या एका टोकाला मुरगावचे बंदर आहे. १८८८ साली इथून सह्याद्री चढून जाणारी रेल्वे सुरू झाली आणि सारा परिसर बदलला. सड्याच्या टोकावरून बंदराची जहाजे दिसतात. दक्षिणेला बायणा, मग बोगमाळोचा छोटा उपसागर, त्यापलीकडे खडकांनी वेढलेले होलांत. बोगमाळोहून होड्या ग्रांद बेटाकडे जातात. जवळच नौदलाचे विमान संग्रहालय आहे, तिथे मुलांचा अर्धा दिवस सहज जातो. वेळसांवला डोंगर मागे सरतो आणि सलग वाळू सुरू होते. ती आरोशी, माजोर्डे, कोलवा असे करीत थेट साळ नदीच्या मुखाजवळच्या मोबोरपर्यंत जाते.

वेळसांव, कासांवली आणि आरोशी ही माझ्या मते बिऱ्हाड करायला सर्वांत चांगली गावे. इथे घरे शेताच्या कडेने आहेत, शेत संपले की माड आणि माड संपले की वाळू. कासांवलीला रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे वास्कोला किंवा मडगावला बाजाराला जायला भाड्याची मोटार लागतेच असे नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर हॉर्न वाजवीत दारात येतो. त्याच्याकडून पोई आणि उंडे घ्यावेत. पोई कोंड्याची असते आणि कालवणाबरोबर तिच्यासारखी चव पावाला नाही. वास्कोला खारीवाड्यावर होड्या लागतात आणि शहराच्या मासळी बाजारात बांगडे, तारले, सुंगटे, मुडदुशा मिळतात. तिथल्या बायकांना सरळ विचारावे की आज काय ताजे आहे आणि ते कशात घालतात. तिरफळे बांगड्याच्या हुमणात घालायची की सुंगटांत, याचे उत्तर त्या तुम्हाला नीट देतील. सोले, उकडा तांदूळ, माडाच्या ताडीचे विनेगर आणि नारळ एवढे सामान आले की चार दिवसांचे स्वयंपाकघर उभे राहते. एप्रिल-मेमध्ये गेलात तर मानकुराद आंबाही हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात सुकी मासळी, खाडीतले मासे आणि पावसाळी भाज्या यांवर भर द्यावा. समुद्रात उतरण्याचा तर विचारही करू नये.

याच किनाऱ्यावर रापणकारांचे, म्हणजे पारंपरिक मच्छीमारांचे, आंदोलन लढले गेले. १९७० च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला घासून मासे ओढू लागले तेव्हा ते उठले, आणि त्यांचे नेतृत्व कासांवलीच्या माथानी साल्ढाणा यांनी केले. त्याच दशकात वेळसांवच्या डोंगरावरील खत कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्धही ते उभे राहिले. १९८० च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यामागे रापणकारांचा तो लढा आहे. पुढे साल्ढाणा गोव्याचे पर्यटनमंत्री झाले, आणि त्या पदावर असतानाच मार्च २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या गावाने समुद्रासाठी एवढे सोसले, तिथे पाहुणा म्हणून राहताना हे ठाऊक असायला हवे.

आता घरांविषयी. चिखलीच्या खाडीत आजही चपटे, पारदर्शक शिंपले सापडतात. काच महाग होती तेव्हा गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत तेच शिंपले बसवीत. त्यांतून आत येणारा उजेड दुधाळ असतो. अशी घरे मुरगावच्या गावागावांत आहेत, आणि त्यांतली कितीतरी कुलूपबंद आहेत. मुले लिस्बनला, आखातात, मुंबईत. गोव्यात पोर्तुगीज काळातली नागरी संहिता लागू असल्याने वारसांचे हक्क पक्के आहेत, ही चांगली गोष्ट. पण वाटणी लांबली की एका घराचे दहा-पंधरा मालक होतात आणि कौले बदलायचा खर्च कोणी करत नाही. पाऊस आत येतो, वाळवी लागते, आणि मग घर पाडून तिथे इमारत उठते.

याला उत्तर म्हणून मला दोन उदाहरणे आठवतात. फ्रान्समध्ये १९५१ साली खेड्यातली ओस पडणारी घरे दुरुस्त करून सुटीसाठी भाड्याने द्यायला सुरुवात झाली, आणि १९५५ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. ब्रिटनमध्ये १९६५ साली स्थापन झालेली लँडमार्क ट्रस्ट ही संस्था पडीक ऐतिहासिक वास्तू सावरते आणि त्या स्वतः रांधून राहणाऱ्या पाहुण्यांना देते. देखभालीचा खर्च भाड्यातून निघतो. मुरगावच्या किनाऱ्यावर हे व्हावे असे मला मनापासून वाटते. पाहुण्याला हवे असलेले स्वयंपाकघर या घरांत तयारच आहे. विहीर आहे, परस आहे, नारळ आहे. भावंडांनी एकत्र येऊन एकाच्या हाती कारभार दिला तर घर टिकेल आणि गावात चार घरांना कामही मिळेल.

उत्तरेच्या पेडणे तालुक्यात घडलेले पाहिले की हे आत्ताच का व्हायला हवे, ते कळते. हरमल, मांद्रे, मोरजी इथे पूर्वी गावकरी आपल्याच घरातली एखादी खोली शेगडीसकट द्यायचे. पाहुणा महिनोन्‌महिने राहायचा आणि पैसा घरात यायचा. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमाने सुरू झाली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. आता उतार कापून व्हिला उठत आहेत, त्यांचे मालक दूरच्या शहरांत आहेत. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, त्यांना रात्री अंधार आणि शांतता लागते. मुरगावला अजून निवड करायला वेळ आहे.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. गोव्यात पर्यटकांना घर भाड्याने द्यायचे तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, म्हणून बोलणी करतानाच नोंदणी क्रमांक विचारा. गॅस भरलेला मिळतो का, कुकर आहे का, खोबरे खवायला विळी आहे का, मासळी धुवायला वेगळी जागा आहे का, हेही विचारा. पाणी नळाचे की विहिरीचे, आणि मेमध्ये ते पुरते का, हा प्रश्न विसरू नका. वेळसांव-आरोशी भागात रेल्वेमार्ग घरांच्या अगदी जवळून जातो. बंदरातला कोळसा त्यावरूनच कर्नाटकाकडे जातो, आणि दुहेरी मार्गाविरुद्ध गावकऱ्यांनी मोठा लढा दिला आहे. झोप हलकी असेल तर रुळांपासून दूरचे घर घ्या. ओला कचरा माडाच्या आळ्यात टाकायचा की वेगळा ठेवायचा ते घरमालकिणीला विचारा, आणि सुका कचरा पंचायतीची गाडी येईल त्या दिवशीच बाहेर काढा.

६ जानेवारीच्या सुमारास गेलात तर कुएलीच्या टेकडीवर तीन राजांचे फेस्त पाहा. कासांवली, आरोशी आणि कुएली या गावांचे तीन मुलगे राजे होऊन घोड्यांवरून चॅपेलकडे निघतात. त्या दिवसांत गावातली घरे आधीच भरतात, तेव्हा दिवाळीच्या सुटीतच फोन करून घर पक्के करा. आणि शेगडी घरीच ठेवा, तिथे ती मिळेल.