परिचारिकांचा ड्युटी-तक्ता आणि त्यांचा संसार

जगातील परिचारिकांपैकी सुमारे ८५ टक्के स्त्रिया आहेत आणि रुग्णालय रात्रंदिवस चालत असल्यामुळे त्यांना सकाळ, दुपार आणि रात्र अशा फिरत्या पाळ्यांत काम करावे लागते. मुलांची शाळा, वृद्धांची औषधे, स्वयंपाक आणि सणवार मात्र त्या पाळ्यांची वाट पाहत नाहीत. नोकरी आणि घर यांच्या अपेक्षा एकमेकींच्या आड येऊन जो ताण निर्माण होतो, त्याला मानसशास्त्रात ‘कार्य-कुटुंब संघर्ष’ म्हणतात.

ग्रीनहाऊस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये या संघर्षाचे तीन प्रकार मांडले. एका भूमिकेला दिलेला वेळ दुसरीसाठी उरत नाही, तो वेळेचा संघर्ष. वॉर्डातील थकवा किंवा रुग्णाच्या मृत्यूचे दुःख घरी सोबत येते, तो ताणाचा संघर्ष. आणि अतिदक्षता विभागात आवश्यक असलेली अलिप्त, नेमकी वागणूक घरच्यांना कोरडी वाटते, तो वर्तनाचा संघर्ष. विवाहित परिचारिकेच्या वाट्याला हे तिन्ही प्रकार एकाच दिवशी येऊ शकतात.

रात्रपाळीनंतर दिवसा घेतलेली झोप रात्रीच्या झोपेपेक्षा थोडी आणि तुटक असते, कारण शरीरातील जैविक घड्याळ त्या वेळी जागे राहण्याचाच संकेत देत असते. त्यात घरकामाची भर पडते. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देत होते. ही वाटणी परिचारिकेच्या घरीही तशीच राहिली, तर तिच्या विश्रांतीचे तास घरकामातच खर्च होतात.

याचा परिणाम वैवाहिक नात्यावर होतो. कामावरचा ताण त्याच व्यक्तीच्या घरच्या वागण्यात उतरणे याला ‘पाझर’ आणि तो जोडीदाराच्या मनावर जाणे याला ‘संक्रमण’ म्हणता येईल. संवाद तुटतो, चिडचिड वाढते, आणि मूळ कारण पाळीत असूनही दोष स्वभावाला दिला जातो.

या ताणावरचा अभ्यासलेला उपाय म्हणजे सामाजिक आधार. जेम्स हाऊस यांनी १९८१ मध्ये त्याचे चार प्रकार सांगितले: भावनिक जिव्हाळा, प्रत्यक्ष मदत, उपयुक्त माहिती आणि कामाची योग्य दखल. कोहेन आणि विल्स यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की असा आधार ताणाचा आघात सौम्य करू शकतो, परंतु तो गरजेशी जुळणारा असावा लागतो. रात्रपाळी करून आलेल्या पत्नीला केवळ कौतुकाचे शब्द पुरत नाहीत. पतीने किंवा सासूने मुलांचे डबे भरले आणि घर शांत ठेवले, तरच तिला झोप मिळते.

तरीही हा प्रश्न केवळ घरावर सोपवणे अन्यायाचे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोसेक आणि सहकाऱ्यांच्या संशोधन-विश्लेषणात असे आढळले की वरिष्ठांच्या सर्वसाधारण सहानुभूतीपेक्षा, कुटुंबाच्या गरजा ओळखून त्यांनी दिलेल्या आधाराचा या संघर्षाशी अधिक घट्ट संबंध असतो. म्हणून ड्युटी-तक्ता आधी जाहीर करणे, सलग रात्रपाळ्या मर्यादित ठेवणे आणि पाळी बदलून घेण्याची मुभा देणे, हे प्रशासनाचे कर्तव्य ठरते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने बंधनकारक केली. रुग्णालयातील पाळणाघर रात्रीही उघडे राहिले, तरच त्या तरतुदीचा हेतू परिचारिकांच्या बाबतीत सफल होईल.