पुरेल तेवढीच कार्यप्रणाली

'व्हर्च्युअल मशीन' हा शब्द आता आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या तोंडी सहज येतो. पालकांस मात्र तो कोड्यासारखा वाटतो. एकाच प्रत्यक्ष संगणकावर एक नियंत्रक प्रणाली बसवावयाची आणि तिने प्रत्येक वापरकर्त्यास 'हा संपूर्ण संगणक तुमचाच' असा भास करून द्यावयाचा. त्या भासमान संगणकास आभासी यंत्र म्हणतात. ही कल्पना अगदी नवी समजली जाते. आम्हा इतिहासाच्या अभ्यासकांस ती तशी वाटत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक संशोधन केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीसी यांच्या नेतृत्वाखाली घडलेली सीपी-४० ही नियंत्रक प्रणाली १९६७ च्या जानेवारीत नित्य वापरात आली. एका संगणकावर ती १४ आभासी यंत्रे चालवू शके. परंतु आमच्या मते खरी कल्पकता तिच्यासोबत जन्मलेल्या सीएमएस या लहानशा कार्यप्रणालीत होती. अनेकांमध्ये मेमरी वाटणे, पाळी ठरविणे, एकाच्या चुकीपासून दुसऱ्यास वाचविणे ही ओझी मोठ्या सामायिक प्रणालींना स्वतः वाहावी लागत. सीएमएसने ती उचललीच नाहीत. ती एकाच वापरकर्त्यासाठी होती. वाटपाचे काम खालची सीपी करीत असल्याने तिने फायली सांभाळाव्यात, आज्ञा घ्याव्यात, प्रोग्रॅम चालवावेत, एवढेच. प्रारंभी ती प्रत्यक्ष यंत्रावर स्वतंत्रपणेही चाले. १९७२ च्या व्हीएम/३७० मध्ये तीही क्षमता वगळण्यात आली.

पुढे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात (गावाचे नाव तेच) मिराजओएस प्रकल्पाने हा विचार टोकास नेला. २०१३ साली तेथील संशोधकांनी मांडलेल्या 'युनिकर्नल' रचनेत कार्यप्रणाली वेगळी उरतच नाही. संकेतस्थळ चालवावयाचे असेल तर नेटवर्कशी बोलणारा भाग घ्यावयाचा, ध्वनी वा छपाईचा नाही. आणि घेतलेले भाग प्रोग्रॅमसह एकसंध बांधून थेट आभासी यंत्रावर ठेवावयाचे. भाड्याच्या संगणकावर मेमरीचे पैसे मोजणाऱ्या लहान संस्थेस याचे मोल कळेल. शिवाय जो भाग आत नाहीच, त्यातील दोष हेरून कोणी घुसू शकत नाही. मात्र बिघाड झाल्यास आत जाऊन पाहण्याची सोय सहसा नसते. दुरुस्ती म्हणजे नव्याने बांधणी.

म्हणून शिकणाऱ्याने आरंभ अल्पाइन लिनक्सपासून करावा, असे आम्ही सुचवू. आभासी यंत्रांसाठी हलकी केलेली तिची आवृत्ती विनामूल्य मिळते. तिच्यातील एकेक भाग काढून पाहावा आणि कोणत्या भागावाचून यंत्र अडते, याची वहीत नोंद करावी. आधी यंत्राची प्रत काढून ठेवली असेल, तर ते कोसळले तरी काही मिनिटांत पूर्ववत उभे करता येते.